डावखुरी टीप

भाची : …आणि टॉवरवर चढताना मागून खाली सरकत नाही, वाकलं तरी पोटात रुतत नाही. खरं सांगू का, अंगावर आहे हे कळतच नाही.

आत्या : काय म्हणालीस?

भाची : पॅन्ट गं. अंगावर आहे हे कळतच नाही म्हटलं. त्यात इस्त्री थांबवण्यासारखं काय आहे?

आत्या : काही नाही. हे वाक्य फार वर्षांनी ऐकलं.

भाची : मग आता रोज ऐकशील. मला अशीच दुसरी शिवायची आहे. एकाच पॅन्टवर आठवडा काढते मी. शनिवारी तुझ्याकडे इस्त्रीला टाकते, तेवढाच बिचारीला आराम.

आत्या : तयार विकत घे म्हटलं तर नाक मुरडतेस.

भाची : तयारला सीट बसली की कंबरेत मागून वही मावेल एवढी फट. कंबर बसली तर मांडीवर इतकी घट्ट की पायरी चढवत नाही. पन्नास मीटरवर लटकलेली असताना एका हाताने पॅन्ट सावरू की नट आवळू?

आत्या : म्हणजे मासिकातला तो साचा बरा निघाला म्हणायचा.

भाची : हो. म्हणजे… साचा बरा होता. कंबर तेवढी वाढवून घेतली मी.

आत्या : कशी वाढवलीस?

भाची : परीक्षा घेतेस?

आत्या : शिवायला माझ्याकडे शिकलीस. विचारायला नको?

भाची : बरं, ऐक. साचा तिसाचा. माझी कंबर तेहतीस. म्हणजे तीन इंच हवेत. पुढचे दोन भाग, मागचे दोन, असे चार. भागाला आला पाऊण इंच. पुढच्याला सगळा पाऊण बाजूला दिला. मागच्याला अर्धा बाजूला, पाव मध्यावर. कडेला वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या आणि कंबरेपासून सीटपर्यंत रेघ हळूहळू उतरवत नेली.

आत्या : आसन?

भाची : आसनाला हात लावला नाही. कंबर वाढवताना आसन हलवलं की माणूस उभा असताना हसतो आणि बसल्यावर रडतो. तुझंच वाक्य.

आत्या : आणि पट्टा?

भाची : दोन तुकड्यांत, मागे मध्यावर जोड. आतून दोन बोटं माया सोडलीय. उद्या लठ्ठ झाले तर मागची शिवण उसवायची, बाहेर सोडायची. झाले ना पैकीच्या पैकी?

आत्या : एक मार्क कापला.

भाची : कशाबद्दल?

आत्या : तोंड फार चालतं, टिटवे. ये इकडे, माप घेऊ दे.

भाची : माप कशाला? साचा आणलाय की पिशवीत. त्यावरून कापायचं.

आत्या : नव्या कपड्याला नवं माप. अंग म्हणजे काय भिंत आहे, कायम तेवढीच राहायला? हो बाजूला जरा, दारात कोणीतरी आलंय. या, आत या.

गिऱ्हाईक : बाई, झाली का माझी? परवा लग्नाला जायचंय, आणि बायको म्हणते जुनीच घाला. जुनीचं बटण लावलं की मला बोलताच येत नाही.

आत्या : झालीय. ही घ्या. घरी जाऊन घालून बघा.

गिऱ्हाईक : कंबर किती झाली हो माझी? मागच्या वेळेपेक्षा…

आत्या : वहीत लिहिलीय.

गिऱ्हाईक : वाढली ना? खरं सांगा.

आत्या : कापड आटलं होतं मागचं. धुण्यात आटतं ते. मी या वेळी भिजवून घेतलंय.

गिऱ्हाईक : बघा, मी बायकोला हेच सांगत होतो. कापडच वाईट. येतो बाई.

भाची : आत्या, केवढं खोटं.

आत्या : कापडाला दोष दिला की माणूस सुखाने घरी जातो. आमचे वडील म्हणायचे, आकडा वहीला सांगायचा, माणसाला नाही. शिंप्याने अंग बघावं, बोलू नये. चाळीस वर्षं या दुकानात कोणाची कंबर मी मोठ्याने बोललेली नाही.

भाची : मला माहितीये. मी सोळा वर्षांची असताना सगळ्यांसमोर आकडा विचारला, तर तू माझ्या डोक्यात टपली मारली होतीस.

आत्या : उभी राहा सरळ. शर्ट वर घे. पोट आत ओढू नकोस, फोटो काढत नाहीये मी.

भाची : नाही ओढत.

आत्या : श्वास सोड.

भाची : सोडलाय.

आत्या : पूर्ण सोड.

भाची : आणखी सोडला तर मला उचलून न्यावं लागेल. किती आली?

आत्या : वळ जरा. पुन्हा घेते.

भाची : आत्या, किती?

आत्या : ही टेप जुनी झालीय. ताणलीय कुठेतरी. ती खुंटीवरची दे.

भाची : ती तर तू परवाच आणलीस. घे. गुदगुल्या होतात, लवकर कर.

आत्या : हं.

भाची : हं म्हणजे? वहीत लिहितेस आणि वही पोटाशी धरतेस. मी काय तो लग्नाला जाणारा आहे का?

आत्या : ही पॅन्ट तू कधी आत घेतलीस?

भाची : मी? मी कुठे घेतली?

आत्या : तेहतिसाची शिवलीस म्हणतेस. आत्ता अंगाला लागून बसलीय. मी बोट घालून बघितलं, एक बोट जातं, दोन नाही. कोणी घेतली आत?

भाची : तू.

आत्या : मी?

भाची : मग कोण? शनिवारी तुझ्याकडे जेवायला येते, पॅन्ट इस्त्रीला टाकते, रविवारी घेऊन जाते. नेताना नेहमी नीट बसलेली असते. मध्ये एकदा शुक्रवारी मला वाटलं जरा ढिली झालीय, तर सोमवारी परत चापूनचोपून. मी म्हटलं, आत्याने केलं असणार. बोलणार तर नाहीच ती.

आत्या : मी या पॅन्टला सुई लावलेली नाही.

भाची : बरं बाई, नाही लावली. एवढं गंभीर काय व्हायचंय त्यात? थोडी बारीक झाले असेन. कामच तसं आहे, दिवसाला दोन टॉवर.

आत्या : जेवतेस नीट?

भाची : जेवते की.

आत्या : शनिवारी अर्धं ताट टाकलंस. मला वाटलं, माझ्या हाताची चव गेली.

भाची : भूक मरते गं, उन्हातून आलं की. आणि चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होतं. थकवा येतो, पण तो सगळ्यांनाच येतो. आत्या, अशी बघू नकोस माझ्याकडे.

आत्या : पडद्यामागे जा आणि पॅन्ट काढून दे. खुंटीवर माझा गाऊन आहे, तो घाल.

भाची : आत्ता?

आत्या : आत्ता.

(पडद्यावरून पॅन्ट बाहेर येते. आत्या ती टेबलावर पालथी घालते आणि पट्टा उलटा करते.)

भाची : तुझ्या गाऊनात माझ्यासारख्या दोघी मावतील. सापडलं काही? आत्या? बोल ना काहीतरी.

आत्या : इकडे ये. ही टीप बघ.

भाची : ही माझी नाही. मी सगळं मशीनवर शिवलं होतं, हाताने फक्त हूक लावला. इथे तर एकामागे एक… एक, दोन, तीन, चार. चार ओळी आहेत. मागच्या मध्यावर. आणि बाजूंनाही. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या आत.

आत्या : टाका कसा पडलाय बघ.

भाची : बारीक आहे. सारखा. आणि उलटा कललाय, उजवीकडून डावीकडे पडतो तसा नाही… आत्या, ही डावखुरी टीप आहे.

आत्या : हो.

भाची : अख्ख्या बाजारात डावखुरं शिवणारं तुझ्याशिवाय कोण आहे?

आत्या : कोणी नाही.

भाची : मग तूच घातलीस की. विसरली असशील.

आत्या : दोऱ्याचा रंग बघ.

भाची : बदामी. राखाडी पॅन्टला बदामी दोरा? तू तर अर्ध्या छटेचा फरक पडला तरी दुकान बंद करून दोरा आणायला जातेस.

आत्या : बदामी दोरा माझ्या दुकानात बावीस वर्षं नाही. शेवटचं रीळ संपलं, त्यानंतर मी आणलाच नाही. दोन वीत कमी पडला होता, उरलेली टीप काळ्या दोऱ्याने घातली होती. मला अजून आठवतं.

भाची : कोणाच्या कपड्याला?

आत्या : तो साचा दाखव. पिशवीतला.

भाची : आत्या, एक सांगायचं राहिलंय.

आत्या : दाखव आधी.

भाची : तो मासिकातला नाहीये.

आत्या : दाखव म्हटलं ना.

भाची : तुझ्या कपाटावर मिळाला. गुंडाळी करून नाडीने बांधलेला. मागच्या बाजूला आईचं नाव होतं, तुझ्या अक्षरात. तुला विचारलं असतं तर तू दिला नसतास. मी चार वर्षांची होते, आत्या. माझ्याकडे तिचं आहे काय? दोन फोटो आणि एक छत्री. बाबा तर तिचं नाव निघालं की बाहेर फिरायला जातात. मला वाटलं, ती खांबावर चढायची, मी टॉवरवर चढते. तिच्या मापातून माझं माप काढलं तर… मला नाही सांगता येत. बरं वाटलं मला. तुला राग आलाय?

आत्या : नाही. पसर टेबलावर. हा मागचा भाग इकडे कर, उजेडाकडे.

भाची : केवढा मऊ झालाय कागद. कापडासारखा.

आत्या : टेलिफोन खात्यात खांबावर चढणारी ती एकटी बाई होती. पुरुषांचा गणवेश मिळायचा, तो कुठेच बसायचा नाही. मला म्हणाली, वन्सं, मला अशी पॅन्ट शिवा की खांबावर असताना मला तिची आठवण होता कामा नये. चार साचे फाडले मी. हा पाचवा. मागचं आसन पाऊण इंच उंच घेतलंय, बघ, वाकली तरी पाठ उघडी पडू नये म्हणून. शिवून दिली त्या दिवशी संध्याकाळी आली आणि दारातूनच म्हणाली, वन्सं, अंगावर आहे हे कळतच नाही.

भाची : मी मघाशी…

आत्या : हो. शब्दाला शब्द.

भाची : या आतल्या रेघा कसल्या आहेत? पेन्सिलच्या. मी साचा काढला तेव्हाच बघितल्या होत्या, पण मला कळल्या नाहीत म्हणून सोडून दिल्या. एकोणतीस. अठ्ठावीस. सत्तावीस. सव्वीस. प्रत्येकीला तारीख आहे.

आत्या : त्या माझ्या आहेत.

भाची : आणि या?

आत्या : कुठल्या?

भाची : या वर्तमानपत्राच्या पट्टीवरच्या. मी चिकटवलेल्या पट्टीवर. बत्तीस… एकतीस… आणि ही पट्टी जिथे जुन्या कागदाला मिळते तिथे तीस. मी नाही मारल्या या रेघा. तारखा याच वर्षीच्या आहेत, आत्या. सगळे शनिवार.

आत्या : अक्षर कोणाचं आहे?

भाची : तुझं. डावीकडे कललेलं. ही पिशवी दर शनिवारी तुझ्याकडेच असते. साचा तिच्या तळालाच असतो.

आत्या : शनिवारी दुपारी इस्त्री करताना मला डुलकी लागते. हल्लीच सुरू झालंय. उठते तेव्हा इस्त्री गार असते आणि पॅन्ट घडी घातलेली असते. मी म्हणायचे, वय झालं.

भाची : मला भीती वाटतेय.

आत्या : मलाही वाटतेय. बस इथे माझ्याजवळ. आज मी आकडा बोलणार आहे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. नीट ऐक. दोन महिन्यांपूर्वी तुझी कंबर तेहतीस होती. आज एकोणतीस आहे. दोन टेपांनी तीनदा मोजली.

भाची : एकोणतीस? शक्यच नाही. चार इंच गेले असते तर मला कळलं नसतं?

आत्या : कशावरून कळणार? माणसाला आपलं अंग कशावरून कळतं? पॅन्ट घसरायला लागली की. तुझी घसरलीच नाही.

भाची : आत्या.

आत्या : तुझ्या आईचीही घसरली नाही.

भाची : काय केलंस तू?

आत्या : पहिल्यांदा मागून पट्टा सुटलेला दिसला. म्हटलं, हिला सांगितलं तर ओशाळेल. अंगाबद्दल बोलायचं नाही ही तर आमची शिस्त. धुवायला टाकलेली पॅन्ट मी गुपचूप आणली, एक इंच आत घेतली, परत नेऊन ठेवली. साच्यावर रेघ मारली, एकोणतीस. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. अठ्ठावीस. तिला वाटायचं थकवा खांबाचा आहे. तुझ्या बाबाला वाटायचं, लहान पोर आहे पदरात, दमत असेल. ती सकाळी पॅन्ट चढवायची आणि ती बरोबर बसायची. मग तिला काय वाटणार? सगळं ठीकच वाटणार ना.

भाची : आणि तुला?

आत्या : मला वाटायचं मी तिची काळजी घेतेय. त्या घरात आकडे फक्त माझ्याकडे होते, टिटवे. वहीत. बाकी कोणाकडे नव्हते. सव्वीसच्या रेघेला दोरा संपला आणि मी काळा ओवला. त्या आठवड्यात ती खांबाच्या पायथ्याशी बसली ती उठलीच नाही. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आणायला हवं होतं, तेव्हा काहीतरी करता आलं असतं.

भाची : दोन महिने आधी किती होती?

आत्या : एकोणतीस.

भाची : आणि सव्वीसच्या पुढची रेघ?

आत्या : पुढे शिवायची गरजच पडली नाही.

भाची : बाबांना माहितीये हे?

आत्या : नाही. आज पहिल्यांदा तोंडातून निघालं. चांगुलपणा केला मी, आणि त्याच चांगुलपणाने तिला कळू दिलं नाही. बावीस वर्षं मी लोकांच्या कंबरा वहीत लिहिते आणि रोज वाटतं, यातल्या कोणाला आज सांगायला हवं होतं? तरी मघाशी त्या माणसाला कापड आटलं म्हणून सांगितलंच. सवय आहे ती. जित्याची खोड…

भाची : आत्या, थांब. तुझ्या हातात काय आहे?

आत्या : कुठे?

भाची : डाव्या हातात. टेबलाखाली.

आत्या : काही नाही. नुसती पॅन्ट धरलीय…

भाची : सुई आहे. ओवलेली. बदामी दोरा आहे तिच्यात.

आत्या : मी नाही ओवली.

भाची : मी बघतेय ना. आपण बोलतोय आणि हात चाललाय. अजून चाललाय, आत्या. थांबव त्याला.

आत्या : थांबत नाहीये.

भाची : दे ती सुई मला. दे. बोटं उघड ना.

आत्या : पॅन्ट ओढून घे. सुई राहू दे, पॅन्ट आधी घे. घेतलीस?

भाची : घेतली. पाचवी ओळ सुरू केलीयस. तीन टाके पडलेत. एकोणतीसच्या आत एक इंच.

आत्या : अठ्ठावीस.

भाची : दोरा कुठून आला?

आत्या : मला विचारू नकोस, मला माहीत नाही. मला एवढंच माहितीये की या हाताला एकच गोष्ट येते. वहिनीची पॅन्ट तिला नकळत बसती करायची. कोणाच्या अंगावर कोणाची कंबर आहे हे त्याला कळत नाही. त्याने तिचा साचा ओळखला आणि कामाला लागला.

भाची : तू त्याच्याबद्दल दुसरं कोणी असल्यासारखं बोलतेस.

आत्या : दुसरं असतं तर बरं झालं असतं. माझाच आहे तो. ते ब्लेड घे. उसव सगळं. चारही ओळी, आणि ते तीन टाकेही.

भाची : मी?

आत्या : माझ्या हातात देऊ नकोस. मी या हातावर बसते. हसू नकोस.

भाची : हसत नाहीये. रडतेय.

आत्या : रड, पण उसव. आतल्या ओळीपासून सुरू कर. टाका कापायचा, ओढायचा नाही, कापड फाटेल.

भाची : या वेळीही कापडाची काळजी. झाली एक ओळ. हा दोरा गरम आहे, आत्या.

आत्या : असेल. पुढची.

भाची : ही एकतिसाची. ही… ही बत्तिसाची. बाजूचे राहिलेत. आत्या, माझंही तेच असेल का? आईचं होतं ते?

आत्या : मी शिंपी आहे, डॉक्टर नाही. कदाचित काही नसेल. कदाचित उन्हाचं असेल, कृमी असतील, काहीही असेल. पण ते सांगायला ज्यांनी बघायचं त्यांनी आज बघायचं. कंबर सव्वीस झाल्यावर नाही. आजच.

भाची : उद्या दोन टॉवर आहेत मला.

आत्या : टॉवर कुठे पळून जात नाहीत. झालं का?

भाची : झालं. सगळी उसवली. तेहतिसाची झाली परत.

आत्या : घाल.

भाची : हीच?

आत्या : हीच. पडद्यामागे जायला नको, मी तोंड फिरवते. घातलीस?

भाची : घातली.

आत्या : बटण लाव.

भाची : लावलं. आत्या… ही तर खाली चाललीय. बघ ना, माझी अख्खी मूठ आत जातेय. दोन्ही मुठी जातात. मला खरंच कळलं नव्हतं. एवढी मी कुठे गेले?

आत्या : बघ नीट. आरशासमोर उभी राहा. तुझ्या आईला मी हे बघू दिलं नाही.

भाची : घसरतेय.

आत्या : घसरू दे.

भाची : पट्टा दे ना एखादा, कमरेला बांधायला. रस्त्यात तमाशा होईल.

आत्या : पट्टा नाही, पिन नाही, नाडी नाही. दवाखान्यापर्यंत हाताने धरून चालायचं. पावलागणिक आठवण राहिली पाहिजे. लोक हसले तर हसले. डॉक्टरांनी विचारलं तर आकडे सांगायचे, तेहतीस आणि एकोणतीस. तू अडखळलीस तर मी सांगेन, बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

भाची : साच्याचं काय करू? जाळायचा?

आत्या : नाही. तुझ्या आईचा आहे तो, जाळतेस कशाला. वर्तमानपत्राच्या पट्ट्या काढून टाक, गुंडाळी कर, आणि तुझ्या बाबाला दे. त्याला तारखा वाचू दे. संध्याकाळी मी येते, माझ्या तोंडाने सांगते.

भाची : ते फिरायला निघून जातील.

आत्या : मग मीही जाईन बरोबर. कुठवर चालेल? कुलूप घे ते. इस्त्री बंद आहे ना?

भाची : बंद आहे. आत्या, तू हातावरून उठलीस.

आत्या : उठले. ये, या बाजूला ये. एका हाताने पॅन्ट धर. धरलीस? आता दुसऱ्या हाताने माझा डावा हात धर. बोटांत बोटं घाल. आवळून.

भाची : केवढा गार पडलाय. आणि हलतोय, आत्या. तळव्यावर माझ्या टोचल्यासारखं करतोय. टाके घालतोय तो.

आत्या : माहितीये. सुई नाहीये त्याच्यात, घालू दे. तू फक्त पोचेपर्यंत सोडू नकोस.